बालदमा, संसर्ग आणि रक्ताचा कागद

(श्रीमाउलीच्या सभामंडपात महाजन कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुंजीच्या या देवीस आपण माउली म्हणतो. लेकराची चिंता वाहणारी ती माउली, हा अर्थ त्या नावातच आहे. तेव्हा तिच्या सभामंडपात लेकरांच्या एका दुखण्याविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही, असे मी मानतो. हे दुखणे म्हणजे बालदमा. त्यातही माझा विषय मर्यादित आहे. बरे असलेले मूल एकाएकी धापा टाकू लागते, त्या वेळी संसर्गाचा वाटा किती असतो, आणि रक्ततपासणीच्या कागदावरून आपणांस काय कळते व काय कळत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा विषय मी मुद्दाम निवडला. आपल्यापैकी कोणी गोव्यात आहे, कोणी बेळगाव-निपाणीकडे, तर कोणी पुण्या-मुंबईस. गावोगावी आता रक्त तपासणाऱ्या लॅबोरेटऱ्या झाल्या आहेत. मुलास खोकला झाला की पालक स्वतःच तपासणी करून घेतात, कागदावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून घाबरतात, किंवा आकडा बरा दिसला म्हणून निर्धास्त होतात. घाबरणारे पालक बहुधा मुलास अनावश्यक औषधे देतात. निर्धास्त होणारे पालक कधी कधी रात्र उलटेपर्यंत थांबतात, आणि त्या रात्रीतच मूल हातचे जाते. भीती व निर्धास्तपणा या दोहोंचे मूळ एकच आहे. कागदास जे ठाऊक नसते, ते आपण त्याला विचारतो.

प्रथम दमा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. श्वासनलिका पुढे पुढे झाडाच्या फांद्यांसारखी विभागत जाते. दम्याच्या मुलात या बारीक नळ्यांच्या आतील अस्तरास कायमची थोडीशी सूज असते. काही निमित्त झाले की सूज वाढते, नळीभोवतीचा स्नायू आवळतो आणि चिकट स्राव साचतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. त्या अडथळ्यातून जी शीळ उमटते, तिलाच आपण छातीतील घरघर म्हणतो.

आपल्या पूर्वाचार्यांचे निरीक्षण येथे स्मरणीय आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास यांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. रोगी आडवा पडला की त्याची पीडा वाढते व बसला की त्यास बरे वाटते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी रोग बळावतो, असे तेथे म्हटले आहे. विशेष म्हणजे या विकारात पडसे होते, हे ग्रंथकारांनी नोंदविले आहे. आणि ज्या तमकश्वासात ताप येतो त्यास प्रतमक असे निराळे नाव दिले आहे. ताप असलेला दमा आणि ताप नसलेला दमा हा भेद त्यांनी केला होता. रक्ताच्या तपासण्या निघाल्या, तरी रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्यापुढे आजही प्रश्न तोच आहे.

आता संसर्गाचा वाटा पाहू. पूर्वी असा समज होता की दम्याचा झटका मुख्यतः धूळ, परागकण वा खाण्यातील वावडे यांमुळे येतो. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे ९ ते ११ वर्षे वयाच्या १०८ मुलांचा वर्षभराहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. मुलास त्रास सुरू झाला की नाकातील स्राव तपासावयाचा, अशी ती योजना होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे ८० टक्क्यांहून अधिक झटक्यांच्या वेळी विषाणू सापडले, आणि सापडलेल्या विषाणूंपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश साध्या पडशाच्या विषाणूंच्या कुळातील होते. शास्त्रज्ञ त्यास ऱ्हायनोव्हायरस म्हणतात. मोठ्या माणसास जो विषाणू चार दिवस नाक पुसावयास लावतो, तोच दम्याच्या मुलास इस्पितळात पोहोचवितो.

असे का व्हावे? एकाच वर्गातील तीस मुलांस पडसे होते, मग दोघांनाच धाप का लागते? मँचेस्टर येथील २००६ च्या एका अभ्यासात याचे उत्तर मिळते. इस्पितळात दाखल झालेली दम्याची मुले व घरी स्थिर असलेली दम्याची मुले यांची तेथे तुलना केली गेली. नुसता विषाणू किंवा नुसते वावडे यांपैकी एकट्याने फारसा फरक पडत नव्हता. परंतु ज्या मुलास घरातील एखाद्या पदार्थाचे वावडे होते, जे त्या पदार्थाच्या भरपूर संपर्कात होते आणि ज्याला त्याच वेळी विषाणूनेही गाठले होते, त्याच्या बाबतीत इस्पितळात जाण्याची शक्यता सुमारे १९ पट आढळली. घरातील वाळलेल्या गवतास ठिणगी लागावी, तसे हे आहे. ठिणगी आपल्या हाती नाही. गवत दूर करणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

आपल्या भागाचा विचार करा. गुंजी-खानापूरचा हा पट्टा सह्याद्रीच्या माथ्याचा, धो-धो पावसाचा. जूनमध्ये शाळा उघडतात, वर्गात मुले दाटीवाटीने बसतात आणि पडशाचे विषाणू या नाकातून त्या नाकात जातात. त्याच दिवसांत भिंतींना ओल येते, गाद्या-गोधड्यांना कुबट वास लागतो, बुरशी व धुळीतील सूक्ष्म किडे वाढतात, आणि पावसामुळे दारे-खिडक्या बंद राहून चुलीचा धूर घरातच कोंडतो. कॅनडासारख्या देशात उन्हाळी सुट्टीनंतर सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की दम्याच्या मुलांची इस्पितळात रीघ लागते, हे तेथील संशोधकांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडे शाळा उघडणे आणि पाऊस पडणे हे दोन्ही बरोबरच येते.

हा रोग आपल्याकडे किती आहे, हेही सांगावयास हवे. बेंगळुरू येथील डॉ. एच. परमेश यांनी आपल्या रुग्णालयात आलेल्या मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. १९७९ साली त्यांत दम्याचे प्रमाण ९ टक्के होते, ते १९९९ साली २९.५ टक्क्यांवर गेले. हा आकडा रुग्णालयातील मुलांचा आहे, सर्व समाजाचा नव्हे. तथापि वाढ स्पष्ट आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत छातीत घरघर असणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांना ‘हा दमा आहे’ असे कोणी सांगितलेलेच नव्हते, असे आढळले. जगातील दम्याच्या रोग्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असून, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९ चा अंदाज आहे. रोगी थोडे आणि मृत्यू अधिक, याचा अर्थ सरळ आहे. आपल्याकडे रोग ओळखला जात नाही, आणि ओळखला तरी त्याचे योग्य औषध घेतले जात नाही.

आता रक्ताच्या कागदाकडे वळू. त्यावर अनेक रकाने असतात. आपण चार-पाचच पाहू.

पहिला रकाना इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा. १८७९ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी या पेशी ओळखल्या. इओसिन नावाच्या तांबूस रंगद्रव्याने या पेशींतील कण लालभडक रंगतात, म्हणून त्यांस हे नाव पडले. इओस ही ग्रीकांची उषादेवी. या पेशी वावड्यात वाढतात तशाच पोटातील जंतांमुळेही वाढतात. कागदावर बहुधा त्यांची टक्केवारी असते. पण टक्केवारी फसवी असते. एकूण पांढऱ्या पेशी ६,००० असून इओसिनोफिल ५ टक्के असतील तर प्रत्यक्ष संख्या ३०० झाली. एकूण पेशी १४,००० असतील तर त्याच ५ टक्क्यांची संख्या ७०० होते. टक्केवारी एक, अर्थ दोन. सर्वसाधारणपणे ५०० पर्यंतची संख्या प्राकृत मानतात. ज्या दम्याच्या मुलात ही संख्या सतत ३०० च्या वर राहते, त्यास पुढे झटके येण्याचा संभव अधिक असतो, आणि ओढून घेण्याच्या स्टेरॉइडचा गुणही त्यास चांगला येतो. एवढ्यापुरता हा आकडा फार उपयोगी आहे.

परंतु हा आकडा केव्हा घेतला, यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. इओसिनोफिल रात्री अधिक व सकाळी उशिरा कमी असतात. तापाच्या तीव्र जीवाणू-संसर्गात ते रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. स्टेरॉइडची मात्रा पोटात गेली की काही तासांतच त्यांची संख्या उतरते. यास्तव इस्पितळात दोन दिवस उपचार झाल्यावर काढलेल्या कागदात इओसिनोफिल शून्य दिसले, म्हणून ‘आमच्या मुलास ॲलर्जी नाही’ असा निष्कर्ष काढू नये. मूल बरे असताना, स्टेरॉइडच्या गोळ्या बंद होऊन काही आठवडे लोटल्यावर केलेली मोजणी अधिक खरे बोलते.

याच संदर्भात आपल्या देशाचा एक खास अध्याय आहे. १९४० साली आंध्रातील मदनपल्ली येथून फ्रिमॉट-मोलर व बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या, पण क्षय नसलेल्या एका छातीच्या रोगाची नोंद केली. १९४३ साली वाइनगार्टन यांनी त्याच रोगास ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. रात्री ढासळणारा खोकला, दम्यासारखी घरघर, आणि इओसिनोफिलची संख्या ३,००० च्या वर, असे त्याचे स्वरूप. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराने केलेला हा उद्रेक आहे, हे पुढे सिद्ध झाले. डायएथिलकार्बामाझिनच्या सुमारे तीन आठवड्यांच्या उपचाराने तो ओसरतो. तसेच गोल जंतांची पिल्ले फुप्फुसांतून प्रवास करीत असता काही दिवस खोकला व घरघर होते. त्याचे वर्णन १९३२ साली स्विस वैद्य लोफ्लर यांनी केले. म्हणून ज्या गावांत मुले अनवाणी चिखलात खेळतात, त्या गावांत इओसिनोफिल वाढलेले दिसताच ‘दमा’ असा शिक्का मारणे योग्य नाही, आणि ‘जंतच असतील’ म्हणून दम्याकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. संख्या हजारांत गेली असेल तर डॉक्टरांस हा प्रश्न अवश्य विचारावा. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी मुलास जरूर द्यावी. मात्र तिने दमा बरा होतो, अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा रकाना आयजीई या प्रतिद्रव्याचा. जपानी दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत, आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे याचा शोध लावला. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने त्याचे नाव निश्चित झाले. शरीराची प्रवृत्ती वावड्याकडे झुकलेली आहे का, हे त्यावरून कळते. पण जंतांमुळे हेही वाढते, आणि ते प्राकृत असूनही मुलास दमा असू शकतो. शिवाय आज रात्री धाप का लागली, याचे उत्तर आयजीईच्या आकड्यात नसते. हजारो रुपये खर्चून शंभर पदार्थांच्या वावड्याची यादी काढून आणणारे आणि मग मुलाचे दूध, केळे, दही, भात सारे बंद करणारे पालक आपण पाहतो. मुलाचे वजन घटते आणि दमा तसाच राहतो. रक्तात प्रतिद्रव्य सापडणे आणि तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरा रकाना एकूण पांढऱ्या पेशींचा व त्यांतील न्यूट्रोफिलचा. हे वाढले की ‘इन्फेक्शन आहे’ असे आपण समजतो. सामान्यतः ते बरोबर आहे. दम्याच्या झटक्यात मात्र ते अनेकदा फसविते. स्टेरॉइड दिल्यावर न्यूट्रोफिल रक्तात वाढतात. धापेच्या श्रमानेही वाढतात. म्हणजे जे औषध देऊन मूल सुधारत आहे, त्याच औषधामुळे कागद बिघडलेला दिसतो. तो कागद पाहून प्रतिजैविकांची दुसरी बाटली सुरू होते.

चौथा रकाना सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, ज्यास आपण सीआरपी म्हणतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य पाहिले. शरीरात दाह पेटला की यकृत ते तयार करते. काही तासांत ते चढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते, आणि कारण दूर झाले की एकेका दिवसात निम्म्याने वा त्याहून अधिक उतरते. जीवाणूंच्या न्यूमोनियात ते फार वाढते, पडशाच्या विषाणूत बहुधा थोडेच वाढते. लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेलेले सीआरपी व सोबत ताप असेल, तर जीवाणूंचा संशय बळावतो. आकडा अगदी कमी असेल तर संशय कमी होतो. पण या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण पट्टा, त्यात आकडा निर्णय देत नाही. ॲडिनोव्हायरससारखा एखादा विषाणूही सीआरपी पुष्कळ वाढवू शकतो. आणि आजाराच्या पहिल्या काही तासांत काढलेले सीआरपी कमी असले, तरी उद्या ते वाढलेले असू शकते.

पाचवा रकाना प्रोकॅल्सिटोनिनचा. १९९३ पासून प्रसिद्धीस आलेली ही तपासणी जीवाणूंच्या गंभीर संसर्गात सीआरपीहून अधिक नेमकी मानली जाते. ती महाग आहे, आणि तिचे खरे स्थान इस्पितळात दाखल झालेल्या, न्यूमोनियाचा संशय असलेल्या मुलापुरते आहे. खोकल्यासाठी प्रत्येक वेळी ती करून घेण्याचे प्रयोजन नाही.

मग प्रतिजैविके केव्हा द्यावयाची? दम्याविषयी जगभरच्या तज्ज्ञांचा ‘जिना’ नावाचा उपक्रम १९९३ पासून मार्गदर्शन करीत आला आहे. दम्याच्या झटक्यात सरसकट प्रतिजैविके देऊ नयेत. फुप्फुसातील संसर्गाचा सबळ पुरावा असेल तरच द्यावीत, असे तो सांगतो. विषाणूवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. कफ पिवळा वा हिरवट झाला म्हणजे जीवाणू आलेच, असेही नाही. तो रंग पांढऱ्या पेशींतील द्रव्यांमुळेही येतो. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या दम्याच्या झटक्यात ॲझिथ्रोमायसिनचा उपयोग होतो का, हे पाहण्याचा प्रयोग झाला व २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात लाभ दिसला नाही. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, तपासलेल्या साडेचार हजारांहून अधिक रोग्यांपैकी दोन हजारांवर लोकांना प्रयोगात घेताच आले नाही, कारण त्यांना कोणीतरी आधीच प्रतिजैविके दिलेली होती. हे त्या देशात घडले. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून बाटली मिळते, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करावी.

या बाबतीत दुसरी बाजूही सांगणे मला भाग आहे. डेन्मार्कमध्ये एक ते तीन वर्षांच्या, वारंवार छाती भरणाऱ्या बालकांवर याच औषधाचा प्रयोग झाला. तोही २०१६ सालीच प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या बालकांचा त्रास सरासरी ३.४ दिवस टिकला, न दिलेल्यांचा ७.७ दिवस. अर्थात अगदी लहान बालकांत जीवाणूंचाही काही वाटा असावा. तथापि त्या संशोधकांनीही हे औषध सरसकट देण्याचा पुरस्कार केलेला नाही, कारण वारंवार दिल्याने जीवाणू त्यास दाद देईनासे होतात. आजचे बाळ चार दिवस आधी बरे व्हावे म्हणून उद्याच्या न्यूमोनियाचे औषध बोथट करावे का, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. तो निर्णय डॉक्टरांनी त्या बालकास पाहून करावयाचा आहे; घरच्या कपाटातील उरलेल्या बाटलीने नव्हे.

तात्पर्य, रक्ताचा कागद दोन कामांस उपयोगी पडतो. मूल बरे असताना त्याच्या दम्याची जात ओळखावयास, आणि झटक्यात ताप वगैरे असल्यास न्यूमोनियाची शक्यता तोलावयास. मूल आत्ता धोक्यात आहे का, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. ते मुलाच्या अंगावर लिहिलेले असते, आणि ते वाचावयास कोणतीही लॅबोरेटरी लागत नाही.

माता-भगिनींनो, पुढील चिन्हे कृपया ध्यानात ठेवा. मूल एका दमात वाक्य पुरे करू शकत नाही. श्वास घेताना बरगड्यांमधील व गळ्याखालील भाग आत ओढला जातो. तान्हे मूल दूध ओढत नाही. मूल गुंगीत जाते वा विलक्षण बेचैन होते. ओठ निळसर दिसतात. पंप देऊनही आराम पडत नाही, किंवा पडलेला आराम तासा-दोन तासांतच संपतो. बोटास लावावयाचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरी असल्यास त्यावर ९२ च्या खाली आकडा येतो. आणि सर्वांत घातक चिन्ह हे की, आधी मोठ्याने घरघरणारी छाती एकाएकी शांत होते, पण मूल मात्र थकलेलेच दिसते. घरघर थांबली म्हणून घरातील माणसे देवाचे आभार मानतात. प्रत्यक्षात हवाच आत जाईनाशी झालेली असते. यांपैकी एकही चिन्ह दिसले तर रक्ताच्या रिपोर्टची, सकाळची वा वडील माणसाच्या परवानगीची वाट पाहू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेला निळ्या रंगाचा आराम देणारा पंप स्पेसरमधून द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेतही पंप चालू ठेवावा. गुंजीसारख्या गावाहून पावसाळ्याच्या रात्री बेळगावच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जावयास वेळ लागतो. म्हणूनच निघण्याचा निर्णय शहरातील माणसापेक्षा आपण लवकर केला पाहिजे.

दम्यासारखे दिसणारे सारे दमा नसते, हेही सांगून ठेवतो. पूर्वी कधीही त्रास नसलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलास काजूगर वा शेंगदाणे खाताना ठसका लागून एकाएकी घरघर सुरू झाली, तर दाणा श्वासनलिकेत अडकला असण्याचा संभव असतो. अशा वेळी रक्ताचा कागद पूर्ण निर्दोष असतो आणि मूल मात्र धोक्यात असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप व घटते वजन असेल, तर क्षयाची तपासणी करावी. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा शांत असताना मिनिटाला ४० वा अधिक वेळा श्वास होत असेल, दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचा ५० वा अधिक, तर न्यूमोनियाचा विचार करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. दम्यानेही श्वास वाढतो. म्हणून घरघर असल्यास आधी श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन मग पुन्हा श्वास मोजावेत, अशी त्याला जोड आहे. घड्याळ पुढे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजणे कोणत्याही आजीस जमते.

आता प्रतिबंधाविषयी. ज्या मुलास वारंवार झटके येतात, त्यास रोज ओढून घ्यावयाचे अल्प मात्रेचे स्टेरॉइड हाच आजचा मुख्य आधार आहे. ते नळ्यांतील सूज उतरविते. मघाच्या उपमेत सांगावयाचे तर वाळलेले गवत हटविते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप हा शेवटचा उपाय’, हे समज आपल्या समाजात खोल रुजले आहेत. सवय लागते ती रोगाची, औषधाची नव्हे. या औषधाचा काहीच दुष्परिणाम नाही, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात, लहानपणी काही वर्षे असे औषध घेतलेल्यांची प्रौढ उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका पारड्यात सव्वा सेंटिमीटर उंची आणि दुसऱ्या पारड्यात सुटलेल्या शाळा, इस्पितळाच्या रात्री व प्राणाचा धोका. पालकांनी डॉक्टरांशी बोलून स्वतःच तोलावे.

येथे एका लोकप्रिय उपायाचा उल्लेख करतो. हैदराबादेत मृगाच्या दिवशी जिवंत माशातून दम्याचे औषध दिले जाते. तेथे जाणाऱ्यांत आपल्या भागातील माणसेही असतात. त्यांच्या श्रद्धेचा उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. तथापि बालदम्याचा स्वभावच असा की तो ऋतूप्रमाणे येतो आणि ओसरतो, आणि वय वाढता वाढता पुष्कळ मुलांत सौम्य होतो. त्या ओसरण्याचे श्रेय शेवटी केलेल्या उपायास मिळते. त्या औषधाचा गुण काटेकोर प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. ज्यास जावयाचे त्याने जावे. पण त्याच आठवड्यात पाऊस सुरू होतो, शाळा उघडतात, म्हणून नेमका तेव्हाच रोजचा पंप बंद करू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

घरात करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पावसाआधी गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यावे. भिंतीची ओल काढावी. पडसे झालेल्या मोठ्या माणसाने तान्ह्याचे मुके घेऊ नयेत व हात वरचेवर धुवावेत. इन्फ्लुएन्झाच्या वार्षिक लसीविषयी डॉक्टरांस विचारावे. मुलाच्या खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. ओढून आलेल्याने लगेच मुलास कडेवर घेऊ नये. निपाणीच्या बाजूस तंबाखूवर असंख्य घरे चालतात, हे मी जाणतो. कोणाच्या पोटावर पाय देण्याचा प्रश्न नाही. पण तंबाखूची पोती मुलाच्या झोपण्याच्या जागी रचू नयेत, आणि तंबाखू चाळण्याचे काम मूल घरात असताना करू नये, एवढे तरी होऊ शकते. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवावी.

आणि देवस्थानच्या महाजनांस एक नम्र सूचना. उत्सवात धूप, कापूर व उदबत्ती हवीच. परंतु दाट गर्दीच्या वेळी गर्भागाराजवळ धूर कोंडतो, आणि मंडपाच्या दाराशीच फटाके उडतात. दम्याच्या मुलांस घेऊन आलेल्या मातांसाठी वाऱ्याच्या बाजूस बसावयाची थोडी जागा राखावी, फटाके मंडपापासून दूर उडवावेत, आणि उत्सवाच्या दिवसांत देवस्थानच्या कचेरीत आराम देणारा एक पंप, एक स्पेसर व रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहिलेला फलक ठेवावा. पंप कसा द्यावा, हे स्वयंसेवकांपैकी दोघांस जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर शिकवू शकतील. याचा खर्च एका दिवसाच्या फुलांच्या आराशीहूनही कमी आहे.

महाजन कुटुंबे येथे वर्षातून एकदा जमतात. आजोबा, मुले, नातवंडे एकाच पंगतीस बसतात. अशा पंगतीत कोणाचे मूल रात्री बसून झोपते, कोणाचे मूल पावसाळ्यात शाळा बुडविते, हे आपणांस सहज कळते. तेथे ‘अमक्याच्या मुलाला काय झाले’ अशी कुजबुज करण्याऐवजी त्या आईस जवळ बसवून एवढेच विचारावे : रोजचा पंप चालू आहे ना? स्पेसर आहे ना? रात्री त्रास झाला तर कोठे जावयाचे, हे ठरले आहे ना? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर रक्ताच्या कागदावरील आकडा थोडा वरखाली झाला तरी त्या घरास फारसे भय नाही.

 श्रीमाउली सर्वांच्या लेकरांस दीर्घ व मोकळा श्वास देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.